गोळी, जेवण, झोप

३ मार्च, सोमवार
आज पुन्हा तेच. गिऱ्हाईक समोर बसून युनिफॉर्मच्या नमुन्याची कॉलर उसवून बघतंय, आणि बाबांचा फोन. दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर म्हणे, "काही नाही गं, सहजच." सहज! दोनशे शिलाई मशिनं चालवणाऱ्या बाईला सहज म्हणून काही असतं का? आई गेल्यापासून त्यांना घर खायला उठतं, कळतं मला. पण मी तरी कुठे कुठे पुरी पडू? एक ना धड, भाराभर चिंध्या.

शेवटी सेक्रेटरीला सांगितलं — रोज सहाला तू फोन कर. गोळी, जेवण, झोप एवढंच विचार, आणि लिहून माझ्या ट्रेमध्ये ठेव.

६ मार्च, गुरुवार
झकास चाललंय. "गोळी घेतली. जेवण बरं. झोप कमी." वाचलं आणि सवयीने खाली सही ठोकली. नवऱ्याने तो कागद पाहिला. "सासऱ्यांचा माल पास झाला वाटतं?" हसले खरी, पण मग जेवण गेलं नाही.

१२ मार्च, बुधवार
सेक्रेटरी बाबांशी पाऊण तास बोलत होती! कागदावर आईच्या शालीचं काहीतरी, शेजाऱ्याच्या मांजरीचं काहीतरी. रागावले. "मुद्द्याचं लिही." "हो मॅडम."

१८ मार्च, मंगळवार
बाबांच्या डॉक्टरांचा फोन. हृदयाची झडप बदलायची. पुढच्या मंगळवारी, पंचवीसला. नेमकी त्याच दिवशी वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर ठरायची आहे, आणि त्या लोकांना माझ्याशीच बोलायचंय. भागीदार म्हणाला, "नवऱ्याला पाठव की दवाखान्यात. इथे दोनशे घरांचा प्रश्न आहे."

नाही. आईच्या वेळी मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाबा बाकावर एकटे बसले होते. ते पुन्हा माझ्याच्याने बघवणार नाही. ऑर्डर गेली तर गेली. भागीदार दार आपटून गेला.

१९ मार्च, बुधवार
आज फोन मी स्वतः केला.
"बाबा, पंचवीसला मी येतेय. दिवसभर थांबणार."
"आणि तुझी ऑर्डर?"
ऑर्डरचं यांना कुणी सांगितलं? सेक्रेटरीनेच, दुसरं कोण.
"ते जाऊ द्या. तुम्ही कसे आहात?"
"गोळी घेतली. जेवलो. झोप लागली."
तिन्ही मुद्दे, ओळीने. पुढे काय विचारायचं तेच मला सुचेना. फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

२२ मार्च, शनिवार
सेक्रेटरी रजेवर. तरी मोबाईलवर कळवलंन — "गोळी घेतली. जेवले. झोप लागली." गुणी पोर आहे.

२४ मार्च, सोमवार
बॅग भरली. भागीदार बोलत नाही. भीती वाटतेय, पण उद्या मी तिथे असेन.

२५ मार्च, मंगळवार
सकाळी सातला दवाखान्यात. नर्स म्हणाली, "ऑपरेशन शनिवारीच झालं की. थोरलीचं काम अडेल म्हणून त्यांनीच अलीकडची तारीख मागून घेतली. धाकटी होती ना सोबत."

मी एकुलती एक.

आत गेले. बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे दाराकडे.

"ती नाही आली?"