काटा मध्यावरच राहिला

प्रिय पान्या,

पत्र बघून दचकू नकोस, आई ठणठणीत आहे. समोरच्या खुर्चीत बसून मटार सोलते आहे आणि मधूनमधून माझ्या कागदाकडे बघते आहे. मीही बरी आहे. कंबर होती तशीच आहे. दर रविवारी आईला मेसेज करून माझ्या कंबरेची चौकशी करतोस ना, म्हणून सांगितलं. मला थेट विचारलं असतंस तर मी खेकसले असते, तेव्हा विचारत नाहीस ते बरंच करतोस. तर बातमी अशी की बाबांची गाडी चालू झाली. नुसती चालू नाही, गेल्या रविवारी आईला शेजारी बसवून मी ती त्याच चढणीवर नेली, जिथे दोन वर्षांपूर्वी इंजिन उकळलं आणि आपल्या तिघांची वाट लागली. खालपासून वरपर्यंत टेंपरेचरचा काटा मध्यावरून हलला नाही. केसभरही नाही! आहे की नाही तुझी ताई?

आता वायरिंग कसं केलं ते ऐक, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात मजा नाही. आपल्या वर्कशॉपमधल्या रंगाऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, ताई, पंखा फिरतो का नाही तेवढं बोला. काय कपाळ सांगणार त्याला! तुला आठवतच असेल, तू बसवलेलं दुसऱ्या गाडीचं इंजिन लांबीला जास्त निघालं आणि रेडिएटरच्या मागे जेमतेम चार बोटं जागा उरली. बेल्टवर फिरणारा जुना पंखा काही केल्या बसेना. तू हात पुसत माझ्या टेबलाशी आलास आणि म्हणालास, ताई, माझं संपलं, आता तुझी वीज आण. मग मी भंगारातून तिसऱ्याच गाडीचे दोन विजेचे पंखे आणले आणि रेडिएटरच्या पुढे बसवले. गाडी एक, इंजिन दुसरीचं, पंखे तिसरीचे. आई म्हणाली होती, अरे, हिला आडनाव तरी कुठलं लावायचं?

तर या खेपेला मी सगळं उपसून नव्याने केलं. दोन्ही पंख्यांना वेगवेगळा रिले, वेगवेगळा फ्यूज. पंखा सुरू होताना केवढी वीज खेचतो तुला माहीत आहे, म्हणून बॅटरीपासून जाड वायर. अर्थची वायर थेट चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, तीही रंग खरवडून लोखंड चमकल्यावरच. पाणी तापलं की एक पंखा, आणखी तापलं की दुसरा. एकही जोड नुसता पिळून सोडलेला नाही. कुणीही येऊन ओढून बघावं, हातात आलं तर मी हे काम सोडून देईन.

इंजिनचं हेड लेथवाल्या काकांनी तासून दिलं. उष्णतेने वाकलं होतं. पण हेड आणि इंजिनच्या मधलं, तू बसवलेलं गॅस्केट काकांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, बसवणाऱ्याने चोख बसवलंय, नंतर आग लागल्यासारखं तापलं त्याला तो बिचारा काय करणार? मी म्हटलं, हं. तेवढंच म्हटलं. त्या दिवसाचा ठपका तुझ्यावर आहे. आजही वर्कशॉपमध्ये कुणाचं काम फसलं की रंगारी म्हणतो, काय रे, धाकट्याचा हात लागला का? आणि सगळे हसतात. मीही हसले आहे, एकदा नाही, पुष्कळदा. तू ऐकत नव्हतास एवढंच.

त्या सकाळी मावशी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला नसता तर आपण इतक्या घाईने निघालोच नसतो. तू आदल्या दिवशी म्हणाला होतास, एकदा रिकामी गाडी चढणीवर नेऊन बघू, मगच लांब जाऊ. मीच तुझी टर उडवली. बॉनेट उघडं ठेवून जागच्या जागी अर्धा तास चालू ठेवली, काटा जागेवर राहिला, आणखी काय आरती ओवाळायची का, असं म्हणाले. पुढचं तुला पाठ आहे. अर्ध्या चढणीवर काटा लालमध्ये, बॉनेटमधून वाफ, मागच्या सीटवर आई हातातली पिशवी घट्ट धरून बसलेली. तू खाली उतरलास, रेडिएटरसमोर हात धरलास आणि म्हणालास, ताई, पंखे फिरतायत पण हवा बरोबर वाटत नाही. मी म्हणाले, पंख्यांना नावं ठेवू नकोस, तुझं गॅस्केट गेलंय. गाडी ओढून न्यायला टोचनवाला मिळेपर्यंत दुपार टळली. आई दुसऱ्या दिवशी पोहोचली, तेव्हा मावशी गेलेली होती. दोघी बहिणींची शेवटची भेट राहिली ती राहिलीच.

परत आल्यावर चहाच्या वेळी सगळे जमलेले असताना मी तुला काय बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुला शब्दन् शब्द आठवत असणार. तू नट आवळायचे पाने पुसून खणात ठेवलेस आणि चौथ्या दिवशी त्या कारखान्यात परक्या लोकांचे पंप दुरुस्त करायला निघून गेलास. मला वाटलं होतं, आठवड्याने येशील. भांडायला तरी येशील.

आता खरं सांगते. हेड बसवून झाल्यावर माझ्या मनात आलं, गॅस्केट चोख होतं तर तापलं कशाने? मी इंजिन चालू केलं, पंखे सुरू झाले, आणि वहीचा एक कागद फाडून पंख्यांसमोर धरला. पंखे रेडिएटरच्या पुढे आहेत, त्यांनी हवा आत ढकलायला हवी. कागद आत ओढला जायला हवा होता. तो उडून माझ्या तोंडावर आला. मी पुन्हा धरला, पुन्हा तेच. पंखे उलटे फिरत होते रे, दोन्ही. उभ्या गाडीत थोडीफार हवा हलायची म्हणून निभावलं, पण रस्त्यावर समोरून येणारा वारा आणि माझे पंखे एकमेकांना अडवत बसले. बाबांनी लहानपणापासून शिकवलं, काळी वायर म्हणजे अर्थ, आणि ते माझ्या हाडात मुरलंय. त्या तिसऱ्या गाडीत अर्थची वायर तपकिरी असते आणि काळीतून वीज येते. मी न बघता काळी चासीला लावली. एक कागद धरून बघितला असता तर दहा सेकंदात कळलं असतं. पण बघतो कोण? मी ना! माझं काम चुकतं का कधी?

आणि हे मला काल कळलं नाही, पान्या. आठ महिने झाले. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. मी वायरी उलटवल्या, वर टेप गुंडाळली, कागद चुरगाळून टाकला. मग चांगले रिले, जाड वायर, नवे फ्यूज असा सगळा थाट केला, म्हणजे विचारणाऱ्याला वाटावं की ताईने कायापालट केला. लोक शाबासकी देत गेले, मी घेत गेले. रोज म्हणायचे, उद्या त्याला फोन करू. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. मला लाज वाटत होती. अजून वाटते आहे.

रविवारी चढणीच्या वर पोहोचल्यावर आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तू होतीस म्हणून गाडी सुधारली, धाकट्याने पार घालवली होती. मला पुढचा रस्ता दिसेना. गाडी कडेला घेतली आणि तिला सगळं सांगितलं, काळ्या वायरीपासून आठ महिन्यांपर्यंत. ती ओरडली असती तर सोसलं असतं. ती दार उघडून उतरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. घरी आल्यावर म्हणाली, फोन करू नकोस. फोनवर तू त्याला बोलूच देत नाहीस. लिही. चार दिवस मी टाळलं. आज तिने कागद आणि पेन माझ्यापुढे आणून ठेवलं, म्हणून हे पत्र. तुझं काम चोख होतं. तू चढणीवर म्हणालास तेही खरं होतं. मावशीची भेट माझ्यामुळे हुकली आणि शिक्षा तू भोगलीस. मला माफ कर, आणि नाही केलंस तरी मी तुला दोष देणार नाही. परत ये असं म्हणायचा हक्क मी घालवला आहे, तरी ये. उद्या चहाच्या वेळी सगळे जमले की हे पत्र मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, कारण तुला बोलले तेव्हाही सगळे होते. मग पाकीट बंद करीन.

तुझीच, फार उशिरा तोंड उघडलेली,
ताई