बाबूजींच्या खिशातला फोन

प्रिय लोकेश,

गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं असतं का? सांग ना! वादविवाद स्पर्धेत ढाल आणणारी मी, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, पण या एका प्रश्नापुढे नुसती बसून आहे. ज्याला विचारायचं तो तूच होतास. काल संध्याकाळी मी तुझ्या आईशी बोलले. ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

गोंदियाचं स्टेशन आठवतं? लॅबमधली नोकरी लागून मी पुण्याला निघाले होते. माझे बाबा डब्यात बॅगा लावत होते आणि तू पाण्याच्या नळापाशी उभा, जसा काही दुसऱ्याच कुणाला सोडायला आला होतास. बाबा चहा आणायला उतरले तेव्हा कुठे खिडकीशी आलास. मी रडत होते.

"रडून काऊन राहिली? परहा उपटून दुसऱ्या बांधीत लावला का आठ दिवस पिवळाच रायते. मंग मूळ धरते."

निरोपाच्या वेळी धानाचं रोप! मला रडता रडता हसू आलं होतं.

मी आठ दिवसांत काही धरलं नाही रे. इथे 'करून राहिले' म्हटलं की खोलीतल्या मुली हसायच्या. मी हळूहळू बोलणं बदललं. जुनं बोलणं फक्त तुझ्यासाठी शिल्लक ठेवलं होतं. आता ते कुणाशी बोलू?

आणि आपण तरी कुठे फार बोलायचो! संध्याकाळी फोन लावायचा आणि चालू ठेवायचा. मी इकडे भात टाकायची. तू तिकडे आपल्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारात दुकान आवरायचास, दोर, दावी, बैलांचे घुंगरू. तुझ्या बटनाच्या फोनमधून घुंगरू वाजत यायचे. मी वैतागून म्हणायची, "काही बोल ना!" तर तू म्हणायचास, "बोलून तर राहिलो. तुलेच ऐकू येत नाही."

अट एकच होती. बॅटरी संपू दे, रेंज जाऊ दे, पण आपल्या हातानं फोन कापायचा नाही.

दिवाळीनंतर तुमच्या गावची मंडई, रात्रभर नाटकं चालणारी जत्रा. गावोगावचे पाहुणे येतात, त्यात मीही येणार होते, आणि त्याच दिवशी तू घरी सांगणार होतास. "मंडईच्या गर्दीत आई चिडू नाही शकत," हा तुझा हिशोब. आधीच का नाही सांगितलंस रे? सगळं मंडईवर ढकलायचं काय अडलं होतं?

रस्त्यात उभी ट्रॅक्टरची ट्रॉली, मागे दिवा नाही, आणि अंधार पडता पडता बाजारातून परतणारी तुझी मोटरसायकल. मला कळलं ते एका वर्गमैत्रिणीच्या स्टेटसवरून. तुझा फोटो आणि फोटोला हार. मी लॅबमध्ये होते. सुट्टी मागायला गेले, तर साहेबांनी विचारलं, "कोण होते तुमचे?" मी म्हटलं, "गावातले." आणि परत जागेवर येऊन बसले.

तेरवी झाल्यावर एका संध्याकाळी सवयीनं तुझा नंबर लावला. बंदच असेल असं वाटलं होतं.

"हॅलो, कोन?"

तुझे बाबूजी! त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं आणि फोन तसाच खिशात टाकला. कापायचं बटन कोणतं, हे त्यांना कुठे माहीत! ते तुझं दुकान आवरत होते. लोकेश, त्या खिशातून घुंगरू वाजले. मी गॅस बंद केला आणि ऐकत बसले.

मग रोजच लावू लागले. बैलाला हाकलणं, नळावरची भांडणं, धान कापणीच्या गोष्टी. तुझं घर तुझ्याशिवाय चालू होतं आणि मी चोरासारखी ऐकत होते.

एक दिवस तुझ्या आईचा आवाज आला. "कोनाचा फोन येते हो रोज?"

"काय माहीत. बोलतच नाही."

"द्या इकडं." मग तिचा श्वास अगदी जवळ आला. "लोकू? जेवला का बाबू?"

बाबूजी म्हणाले, "येडी झाली का तू?" तर म्हणते, "तुमाले नाही समजत. तो असाच फोन लावून चूप बसे."

तू गेलास हे तिला माहीत होतंच. तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा ती तिथेच होती म्हणतात. तरीही! आणि गावोगाव भूतभानामतीविरुद्ध पथनाट्य करणारी मी? तू चिडवायचास ना, "मॅडम, जग सुधरवून झालं का घरी या." त्या मॅडमनं तोंड उघडलं नाही. तिच्यासाठी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत होते. पण मलाही कुणीतरी 'जेवला का' विचारायला हवं होतं.

मग ती रोज बोलू लागली. बोडीचं, त्या छोट्या तळ्याचं, पाणी उतरलं, गाय व्याली, आत्यानं लुगडं पाठवलं. सगळं तुला.

परवा लॅबमधून निघायला उशीर झाला. फोन लावला तर बाबूजीच बोलले, कुणाशी बोलतो आहोत हे माहीत नसताना. "कोन आहे बाप्पा तू? हे बाई रोज ताट वाढून फोनपाशी ठेवते. फोन आल्याबिगर जेवत नाही. आज अजून उपाशी आहे."

त्यानंतर गप्प बसणं जमणारच नव्हतं.

काल तिनंच उचलला. मी म्हटलं, "काकू, मी रोशनी. आमगावची. हा फोन लोकेश लावत नाही. मीच रोज लावते."

"कोन रोशनी?"

बघ! माझं नावसुद्धा त्या घरात कधी पोहोचलं नव्हतं.

"आमी लगन करनार होतो, काकू."

ती म्हणाली, "मंग तो नव्हता?"

"नाही."

"एकही दिवस नाही?"

"नाही, काकू."

तिनं फोन खाली ठेवला. चालूच. ताट सरकल्याचा आवाज आला. बाबूजींनी विचारलं, "काय झालं?" "काही नाही. ताट उचला." आणि मग ती रडायला लागली. लोकेश, इतके दिवस संध्याकाळी मी तुमचं घर ऐकलं, पण तिला रडताना कधी ऐकलं नव्हतं.

मी तिचं भलं केलं की तुला तिच्याकडून दुसऱ्यांदा नेलं? ती पुन्हा माझा फोन उचलेल असं वाटत नाही. मंडईला येऊन तरी मी कुणाची पाहुणी?

परहा धरेल, असं वचन मी तुला देत नाही. एवढंच देते, की तुझ्या घरी गप्प फोन पुन्हा लावणार नाही. लावला तर आधी माझं नाव सांगेन, मग ती काहीही बोलो.

ते रडणं ऐकायचा हक्क मला नव्हता. म्हणून आपली अट मोडली. काल फोन मी माझ्या हातानं कापला.

तुझी,
रोशनी