छातीचा फोटो

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथे परमुलखात काम जोरात आहे. स्वयंपाकघरांचे दगडी ओटे कापायचे, घासायचे, आरशासारखे चकचकीत करायचे. आम्ही मात्र गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक. खोलीत सहाजण आहोत: दगडातले चौघं, एक सुतार, एक रंगारी. रंगारी म्हणतो, तुझ्या खोकल्यावर घड्याळ लावून घ्यावं. छातीच्या वॉर्डात नर्स आहेस म्हणून लगेच रोग शोधू नकोस.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शहाणपणा पुरे. जिना चढताना धाप लागते का? पँट कमरेला सैल झाली का? खरं लिही. तिथल्या मोठ्या दवाखान्यात जा, छातीचा फोटो काढून घे. आणि दगडाची धूळ रोज छातीत जाते, हे त्यांनी विचारायच्या आधी सांग. नाहीतर सर्दीचं औषध देऊन वाटेला लावतील.

जिवाला जप.
तुझी ताई

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धाप लागते. पट्ट्याला नवं भोक पाडलं.

गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी कामगार-विम्याचं कार्ड मागितलं. ते ठेकेदारानं काढून द्यायचं असतं. तो म्हणतो, कार्ड कायमच्या माणसांना; आणि फार खोकलास तर घरी पाठवीन. बाई वाईट नव्हत्या. दोनदा समजावलं, मग पुढच्याला बोलावलं.

शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलो. रंगारी दुभाष्या. पण त्याला इथली भाषा येते ती भिंतींपुरती. श्वास पुरत नाही हे सांगता येईना, तेव्हा त्यानं सांगितलं, आत ओल आहे. सर्दीचं औषध मिळालं. बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो. मग मला हसणंही झेपेना.

माया असू दे.
धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आमच्या डॉक्टरांनी सगळं नीट लिहून चिठ्ठी दिली आहे. ती मोठ्या दवाखान्यात दाखव. नाही जमलं तर इकडे ये. इथल्या मोफत उपचारांच्या योजनेतून तुझं नाव कापलंय, कारण तू इथे राहत नाहीस. तिथे तू तिथला नाहीस. मी दिवसभर परक्यांना प्राणवायू लावते आणि तुझ्यापर्यंत माझा हात पोचत नाही. ये, बाकी मी बघते.

तुझी वाट बघणारी,
ताई

१९ जून

रंगारीदादांस,
स. न. वि. वि.

ठेकेदारानं धाकट्याला कामावरून काढलं, तेव्हा तुम्ही स्वतःची चादर देऊन गाडीत बसवलंत. तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकावरच्या माणसानं आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी न उघडताच परत केली, हेही त्यानं सांगितलं.

इथे हातापाया पडून त्याला दाखल करून घेतलं. छातीचा फोटो मीच उजेडासमोर धरला. दोन्हीकडे धूळ घट्ट बसली आहे. ती आता निघत नाही, हे मला वीस वर्षं ठाऊक आहे. इतरांना देते तसा धीर द्यायला गेले, तर म्हणाला, ताई, मला ते नको सांगूस.

तुमच्या खोलीत अजून तिघं दगडात आहेत. त्यांना सांगा, पाणी मारून कापा, तोंडाला चांगला मास्क बांधा, आणि छातीचा फोटो काढून घ्या. तुम्ही विचाराल, कुठे? तीन दिवस हे पत्र त्याच ओळीवर अडून होतं. मला माहीत नाही, दादा.

स्नेह आहे, तो तुटू देऊ नका.
तुमच्या मित्राची बहीण