ठकीसाठी प्रार्थना

४ ऑक्टोबर १९८८
डहाणूला उतरलो तेव्हा लख्ख ऊन होतं. रानशेतच्या एस.टी.त शेजारच्या बाईने टोपलीतले दोन चिकू माझ्या मांडीवर ठेवले. नको म्हणालो तर हसून तोंड फिरवलं. सडकेपासून पाडा दीड मैल आत. प्रार्थनाघर म्हणजे कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली लांब खोली. तिच्या मागे माझी खोली. पाळकसाहेब डहाणूला असतात, महिन्यातून एकदा येतात. एरवीची उपासना आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना मी पाहायची. नगरकडच्या माळावर जन्म गेलेल्या माणसाला इथलं हिरवं रान पाहून डोळे निवल्यासारखं झालं. पन्नाशीला टेकलो तरी प्रभूने नवं काम दिलं. आभार.

९ ऑक्टोबर
पहिला रविवार. अकरा माणसं आली. बायका माझ्या भाकरीला हसतात. म्हणे तिने कूड लिंपता येईल. मी जेमतेम सातवी शिकलेला, पण सगळे मास्तरच म्हणतात. समोरच्या घरातला तुक्या उपासनेला येत नाही. त्याची बायको जिवली तेवढी दाराबाहेर उभी राहून गाणी ऐकते. तुक्याला बोलावलं तर म्हणाला, तुमच्या देवाला ताडी चालते का ते आधी विचारून ठेवा, मग बघू. मलाही हसू आलं.

१५ ऑक्टोबर
दुपारी जिवली आली. पाच वर्षांच्या मुलीला आठ दिवस ताप. दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत, भगत झाला, उतार नाही. तुक्या घरात प्रार्थना करू देणार नाही, तेव्हा इथेच करा म्हणाली. मी सांगितलं, गोळ्या सोडू नको. उद्यापासून तीन दिवस, रोज चार वाजता, सगळी मंडळी मुलीचं नाव घेऊन प्रार्थना करेल. नाव विचारलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, ठकी.

१६ ऑक्टोबर
चौदा जण जमले. मी मोठ्याने म्हणालो, प्रभू, ठकीला उठव, तिला आईच्या पदरात घाल. सगळ्यांनी नाव घेतलं. जिवली मात्र तोंडाला पदर लावून बसली होती. आईचं काळीज, दुसरं काय.

१७ ऑक्टोबर
आज प्रार्थनेत नाव घेतलं आणि मागच्या बाजूने उत्तर आलं. ‘ओ.’ शाळेत हजेरीला पोरं देतात तसं. बारीक, लांबून, ओहळाच्या अंगाने. सगळ्यांनी ऐकलं. वाटलं, पोर उठून बाहेर आली. माझे डोळे भरून आले. जिवली ताडकन उठून घरी पळाली. आनंदाने पळाली असं मी समजलो.

१८ ऑक्टोबर
तिसरा दिवस. ‘ओ’ आज जवळून, मोहाच्या झाडापाशी. मी खिडकीतून पाहिलं. खोडाला टेकून एक लहान मुलगी उभी होती. अंगावर माती, केसांत माती. हाक मारली तर मान वळवली. चेहरा नीट दिसला नाही. भर उन्हात दिसला नाही.
जिवली आज आलीच नव्हती. प्रार्थना संपल्यावर मी तिच्या अंगणात गेलो, तुक्या घरी नाही असं बघून. म्हणालो, तुझी ठकी बरी झाली, झाडाखाली उभी आहे.
तिने आधी घराचं दार ओढून घेतलं. मग सांगितलं. ठकी थोरली. तीन वर्षांपूर्वी तापानेच गेली. तेव्हा भगतापाशी, दवाखान्यात, सगळीकडे पोरीचं नाव सांगितलं होतं, म्हणून दुखण्याने तिला ओळखलं असं जिवलीच्या मनाने घेतलं आहे. आत खाटेवर आहे ती धाकटी, शुक्री. तिचं नाव दुखण्याच्या कानावर जाऊ नये म्हणून जिवलीने मला थोरलीचं सांगितलं.
“त्या नावाला काय होणार होतं, मास्तर? ते तं आधीच गेलेलं.”
ठकीला ओहळापलीकडे पुरलं आहे.

२० ऑक्टोबर
दोन दिवस शुक्रीचं नाव घेऊन प्रार्थना करतो आहे. एकटाच, मंडळी यायला घाबरते. शुक्रीचा ताप तसाच. काल पाणी गिळत होती, आज ओठांवरून ओघळतं. बाहेरची मात्र बळावते आहे. काल मोहापाशी, आज तुक्याच्या अंगणाबाहेरच्या तुळशीपाशी. चालते. आपले पाय बघत चालते, नुकतं शिकल्यासारखी.
आम्ही मागितलं ते मिळालं आहे. ज्या नावाने मागितलं, त्याच नावाला.

२१ ऑक्टोबर
तुक्या स्वतः आला. ताडी प्यायला नव्हता. म्हणाला, पाया पडतो मास्तर, तिला परत पाठवा. उद्या तो जीप आणून शुक्रीला तलासरीच्या दवाखान्यात नेणार आहे.
परत पाठवा म्हणजे काय? एका मुलीचं मरण मागायचं? प्रभूपुढे? उठून त्यांच्या अंगणात गेलो.
जिवलीला विचारलं. ती उंबऱ्यावर भाताची ताटली घेऊन बसली होती. बाहेर तोंड करून.
“दोघी माझ्याच,” म्हणाली.

२२ ऑक्टोबर, सकाळ
जीप यायची आहे. बाहेरची आता अंगणात आली. जिवली हाक मारते आहे — मीच शिकवलेल्या शब्दांत — ठकी, ऊठ, ये —
तुक्या जिवलीला आत ओढतो. ती ऐकत नाही.

दुपार
अंगण रिकामं. शुक्री उठून बसली! ताप नाही. भात मागितला. दोनदा घेतला. जिवली हसते, रडते, तिला कुरवाळते. तुक्याने जीप परत पाठवली. माझे पाय धरले. मी पण रडलो. गुडघे टेकले, आभार मानले. मग लाडाने हाक मारली, शुक्री.
पोरीने वर पाहिलं नाही. जेवत राहिली.
पुन्हा हाक मारली.
‘ओ’ आलं. ओहळापलीकडून. तापाने घसा सुकलेला, तसा आवाज —
तुक्याचा चेहरा —
जिवली पोरीला जास्तच घट्ट धरते. म्हणते, मला नाही ऐकू आलं.

चार वाजता
मंडळी जमली आहे. बरं झालं म्हणून आभाराची प्रार्थना हवी त्यांना. तुक्या दारात उभा. पलीकडे खणायला फावडं घेऊन. एकच विचारतो, कोणाचं नाव घेणार.
पलीकडून ती अजून ओ देते आहे. कोणी बोलावत नाही तरी देते. आवाज बारीक होत चालला. शुक्रीला बोलावलं तर ही जी भात खाऊन आईच्या मांडीवर झोपली आहे, हिचं —
आणि नाही बोलावलं तर —
सगळे माझ्याकडे बघतात. उठतो. प्रभू, मी आता —