जुन्या आवृत्तीचा पत्ता

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

सोडला! सकाळी नवा प्लगइन अपडेट-साइटवर चढवला. आता जगात जो कोणी पेशींचे फोटो तपासायचं हे मोफत सॉफ्टवेअर उघडेल, त्याला ते विचारेल – नवीन आवृत्ती आहे, घ्यायची का? आणि तो न वाचता ‘हो’ दाबेल. सगळे तसंच करतात. म्हणून तर चढवायच्या आधी मी महिनाभर तपासत बसले.

जुन्या आवृत्तीतली चूक साधी होती. मायक्रोस्कोपचा फोटो मोठा असला की आमचा प्लगइन त्याचे चौकोनी तुकडे करून पेशी मोजतो. सांध्यावर आलेली पेशी दोन्ही तुकड्यांत मोजली जायची. छोट्या फोटोला सांधाच नाही, त्यामुळे तिथे कधी चुकलं नाही. मूळ लिहिणारा ऋषभ केव्हाच बंगळुरूला गेला. पण सांभाळते मी, तेव्हा उत्तरही मीच द्यायचं. आता एक पेशी एकदाच. हातानं मोजून ताडून पाहिलंय. छान वाटतंय!

आमच्या लॅबचे मायक्रोस्कोप बघणारे बंगाली सौरभदा मात्र कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवून मोकळे – अपडेट दाबू नये. म्हणे, "परीक्षा के दिन हम लोग अंडा नहीं खाते, विनीतादी. ज़ीरो मिलता है. थीसिस के टाइम अपडेट भी वैसा ही." आणि पीएचडीवाली सगळी मुलं त्यांचंच ऐकतात!

५ फेब्रुवारी

कुणाची तक्रार नाही. म्हणजे चालतंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नागपूरहून देवयानीचा फोन. गेल्या वर्षीच्या ऑनलाइन कार्यशाळेतली, पीएचडी करणारी. नमस्कारसुद्धा नाही, एकदम – "ताई, सकाळपर्यंत बरोबर होतं. अपडेट दाबलं आणि माझ्या पेशी कमी झाल्या!"

"सगळ्या फोटोंत?"

"नाही. औषध दिलेल्या उंदरांच्याच. औषधानं पेशी वाढतात, हाच तर माझा प्रबंध आहे."

ते फोटो मोठे आहेत का, विचारलं. मग हळूच – "हो. मध्येच नवा मायक्रोस्कोप आला ना, ताई. औषधवाल्यांचे फोटो त्यावरच काढले."

म्हणजे वाढ औषधाची नाही, सांध्यांची? पण सगळं मोजल्याशिवाय असं म्हणता येत नाही. थोडी वाढ खरीही असेल. "सगळे फोटो नव्यानं मोज," एवढंच म्हणाले. खरंच शास्त्र म्हणून थांबले, की ती फोनवर रडेल या भीतीनं? दोन्ही असावं.

"महिनाअखेर सबमिशन आहे. गाइड सर म्हणतात, जुनी आवृत्तीच परत टाक."

८ फेब्रुवारी

घरात चहाबरोबर हीच चर्चा. नवरा, श्यामसुंदर, इथे गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्यालयात नोकरीला, त्यामुळे दाखला रेल्वेचाच – "नवं टाइमटेबल लागलं की जुनं रद्द. दोन्ही टांगून ठेवलीस तर लोकांच्या गाड्या चुकतील."

लेक गौरी म्हणाली, "बाबा, त्या दीदीचं अर्धं काम जुन्यावर झालं आहे ना? मध्येच काढून घेतलं तर ती चीटिंग!"

पटलं दोघांचंही. शेवटी ठरवलं – चुकीची मोजपट्टीसुद्धा ताडून पाहायला हाताशी हवी. जुनी आवृत्ती वेगळ्या पत्त्यावर ठेवली आणि तो पत्ता फक्त देवयानीला पाठवला. सोबत सगळं स्वच्छ लिहिलं – सांधे, मोठे फोटो, माझी शंका. "कशानं मोजलंस ते प्रबंधात लिही. बाकी तू ठरव."

काही लपवलं नाही, कुणावर लादलं नाही. याहून सरळ मला करता आलं नसतं.

११ फेब्रुवारी

जर्मनीतल्या एका लॅबचं पत्र – आता आकडे हातमोजणीशी जुळतात, आभार! सौरभदांना वाचून दाखवलं. चिठ्ठी काही काढली नाही. "अंडा तो अंडा है."

हसले. मी बरोबर केलंय. आज खात्रीनं लिहिते.

१५ फेब्रुवारी

देवयानीचं काहीच नाही. सहज त्या वेगळ्या पत्त्याची नोंद उघडून पाहिली – जुनी आवृत्ती रोज उतरवलेली दिसते, कधी दिवसातून दोनदा. नेट तुटत असेल बिचारीचं. कॉलेजातली नेटं अशीच.

म्हणजे तिनं जुन्यावरच राहायचं ठरवलं. वाईट वाटलं, पण तिचा निर्णय. पाठीमागे लागायचं नाही.

२० फेब्रुवारी

दुपारी देवयानीचा मेसेज.

"ताई, दोन्हींनी मोजलं. नव्यात फरकच उरत नाही. सरांना अजून सांगितलेलं नाही. जुन्या आवृत्तीचा पत्ता बंद कराल का, प्लीज? मी रोज ती काढून टाकते आणि रोज परत उतरवते."

नेट तुटत नव्हतं.

पत्ता बंद केला.