आकडा नसलेले जहाज

मी, चष्मे घडवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला, राहणार नौदलाच्या धक्क्यासमोरील इमारत, चौथा मजला, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहीत आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक घातलेला नाही. धाक आहे, पण तो वेगळा. त्याचे पुढे येईलच. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टर म्हणतात, हे आमचे रोजचेच काम. त्यांचे असेल, माझी पहिलीच वेळ आहे.

कलम १. राहते घर माझ्या पत्नीस द्यावे. तिला मोठे स्वयंपाकघर असलेले घर हवे होते. मी गॅलरीतून युद्धनौका दिसतात म्हणून हे घेतले आणि संसारभर त्यावरून बोलणी खाल्ली. आमच्या थोरल्याला ही गॅलरी काचा लावून खोलीत घ्यायची आहे. त्याची आई हयात असेपर्यंत गॅलरीला हात लावू नये.

कलम २. बँकेतील ठेवी पत्नी व थोरला यांनी निम्म्या-निम्म्या घ्याव्यात. थोरला माझ्या संग्रहाला ‘खेळणी’ म्हणतो. "बाबा, या वयात लोक देवाचं करतात, तुम्ही रणगाड्यांना रंग फासता." मुलगा गुणी आहे, फक्त त्याला रणगाडा आणि चिलखती गाडी यांतला फरक आजवर कळलेला नाही. म्हणून खेळण्यांपैकी त्याला काही नाही.

कलम ३. भिंगे घासण्याचे यंत्र व दुकानातील हत्यारे भाचीस, कारण दुकान आता तीच चालवते आणि माझ्यापेक्षा बरे चालवते.

कलम ४. रणगाडे, आठ चाकी चिलखती गाड्या, तोफा ओढणारे ट्रक अशी सर्व छोटी मॉडेल्स ‘कर्नल’ यांस द्यावीत. हे गृहस्थ सैन्यात कधी नव्हते. शाळेत चित्रकला शिकवत. हुद्दा मिशांमुळे मिळाला. आमच्या रविवारच्या मंडळात रणगाड्यांवर त्यांचा शब्द शेवटचा. एका प्रदर्शनात चार लोकांदेखत त्यांनी माझ्या चिलखती गाडीची चाके बारीक झाली असे जाहीर केले. चाके खरेच बारीक होती, म्हणून तर राग अजून गेला नाही. अट एकच: माझ्या गाड्यांना त्यांनी गाडी रणांगणातून आल्यासारखी दिसावी म्हणून ते फासतात तो खोटा चिखल लावू नये.

कलम ५. बिल्ल्यांच्या चौकटी, म्हणजे टोपीवरची चिन्हे, खांद्यावरच्या पट्ट्या व जहाजांचे कापडी बिल्ले, नौदल संग्रहालयास. त्यातला जुन्या पाणबुडीचा म्हणून मला विकलेला बिल्ला काढून स्टेशनाजवळच्या बिल्लेवाल्यास परत करावा. त्याचा धागा माझ्या बनियनपेक्षा नवा आहे हे त्याला ठाऊक होते.

एक बिल्ला मात्र कोणत्याही चौकटीत नाही. तो माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. त्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय पुढची कलमे कोणाला समजणार नाहीत.

आमची धाकटी, जिला घरात सगळे ठकी म्हणतात, युद्धनौकेवर रडारच्या खोलीत काम करते. माझ्या मांडीवर बसून ती मुळाक्षरांच्या आधी जहाजे ओळखायला शिकली. यावेळी निघताना दारात बूट घालता घालता तिने बाहीवरचा जहाजाचा बिल्ला टर्रकन ओढून माझ्या हातात दिला.

"घ्या बाबा. किती वर्षं डोळा होता ना यावर?"

आमच्या मंडळाचा नियम आहे, चालू जहाजाचा बिल्ला मागायचा नाही. कोणी आपणहून दिला तर भाग्य. मी लहान मुलासारखा हरखलो. कर्नलला फोनसुद्धा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीण लावून गॅलरीत उभा राहिलो. तिचे जहाज धक्क्यावरून सुटत होते. मी त्याचा आकडा शोधू लागलो, कारण आम्ही शौकीन लोक आधी आकडा वाचतो, मग जहाज पाहतो. आकडा नव्हता. नाकाच्या बाजूला, जिथे ठळक पांढरा आकडा असतो, तिथे ताज्या राखाडी रंगाचा पट्टा होता. जहाज धोक्याच्या कामगिरीवर निघाले की दुरून ओळखू येऊ नये म्हणून आकडा रंगाखाली घालतात आणि माणसांच्या बाहीवरचे बिल्ले उतरवायला लावतात. म्हणजे ठकीने मला भेट दिली नव्हती. तिला तो काढावाच लागणार होता. तिने फक्त तो हसत काढला.

ही शेजारी येऊन उभी राहिली. "तीच ना आपली? आकडा कुठाय मग?"

"रंगकाम चाललंय," मी म्हणालो. "अर्धवट राहिलं असेल."

"असं होय," म्हणून ती आत गेली.

तेव्हापासून ठकीचा फोन बंद आहे. बातम्यांत रोज जहाजांवर हल्ले चाललेल्या सामुद्रधुनीचा नकाशा दाखवतात आणि मी रोज बाम संपल्याचे निमित्त करून खाली औषधवाल्याकडे जातो; धक्क्यावरची माणसे तिथे येतात. युद्धनौकेच्या पोटात कुठे काय असते ते मला तोंडपाठ आहे, याचा आयुष्यभर तोरा मिरवला. आता डोळे मिटले की तोच आराखडा दिसतो: रडारची खोली कुठे, तिथून शिडी कोणती, आणि मधला पत्रा किती पातळ. मन चिंती ते वैरी न चिंती. मला शस्त्रक्रियेची भीती वाटत नाही असे नाही. पण त्या भीतीचा सध्या नंबर लागत नाही.

कलम ६. दुर्बीण पत्नीस.

कलम ७. ठकीच्या जहाजाचे मॉडेल, जे मी तिच्या नेमणुकीपासून करत आलो आणि ज्याचा एकेक कठडा चिमट्याने बसवला आहे, ते ठकीस. तसेच खिशातील बिल्ला तिचा तिला परत.

इथे, मजकूर तपासायला शेजारी बसलेल्या वकीलबाईंनी पेन थांबवायला लावले. "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण नियमाने विचारावं लागतं. घेणारी व्यक्ती तुमच्या आधी गेली, तर वस्तू कोणाला, हे लिहून ठेवलेलं बरं."

मी त्यांना चहा घ्या म्हणालो. घराच्या, ठेवींच्या बाबतीत विचारले असते तर मी बिनदिक्कत उत्तर दिले असते. इथे "ती नसल्यास" एवढेच लिहिले. पुढे जागा सोडली आणि मॉडेलचे वर्णन नीट लिहावे म्हणून कपाट उघडले.

मॉडेलवर आकडा नव्हता. दोन्ही बाजूंना राखाडी रंगाचा पट्टा होता, जरा जाडसर, कडेला ब्रशचा एक केस चिकटलेला. माझ्या हातचे काम नव्हे. घरात आम्ही दोघेच.

मी मॉडेल हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही ओटा पुसत होती.

"हे तू केलंस?"

"मग कोण करणार? रंग तुमच्याच डबीतला आहे."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"इतकी वर्षं तुमची टकळी ऐकतेय, भिंतींनाही पाठ झालं असेल." तिने फडके पिळले. "कुणाला ओळखू येऊ नये म्हणूनच पुसतात ना तो? मग घरात कशाला उघडा ठेवायचा?"

"मला बोलली का नाहीस?"

"तुमचं काळीज आधीच दुखतंय. म्हटलं, एकाला तरी रंगकाम चाललंय असं वाटू दे."

मग ती त्याच ओल्या हातांनी माझ्या खांद्याला धरून रडली. मीही रडलो. वकीलबाई बाहेरच्या खोलीत बराच वेळ चहा पीत बसल्या.

ती मोकळी जागा मी हिला दाखवली. तिने त्याआधीचे शब्द वाचले आणि म्हणाली, "नाही. याच्यावरही रंग मारा."

म्हणून कलम ७ मधील "ती नसल्यास" या शब्दांपुढची जागा शाईने पूर्ण काळी केली आहे व बाजूस माझी सही आहे. वकीलबाई म्हणतात, अशाने कायदा त्याच्या मार्गाने जाईल. जाऊ दे. कायद्याला जे लिहायचे ते कायद्याने लिहावे. आम्ही दोघे ते लिहिणार नाही.

कलम ८. मॉडेलवरचा आकडा पुन्हा रंगवण्याचा अधिकार फक्त ठकीला राहील. कर्नल यांनी मदत करू नये. बारीक ब्रश धुऊन मॉडेलशेजारी ठेवला आहे. पांढऱ्या रंगाची डबी तिच्या आईकडे आहे. ती रोज झाकण घट्ट आहे ना ते पाहते, रंग वाळू नये म्हणून.

हे सर्व मी लिहिले, वाचले, आणि हिलाही वाचून दाखवले. यापुढे आमच्यात लपवलेले काही नाही.

ठिकाण: राहते घर, गॅलरीतील टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा सोमवार

सही: चष्मेवाला

साक्षीदार:
१. ‘कर्नल’, निवृत्त चित्रकला शिक्षक. (चिखलाची अट वाचली. मान्य नाही, तरी सही करतो.)
२. तळमजल्यावरील औषधवाला. (काका बाम घ्यायला रोज येतात. काकूही येतात, वेगळ्या वेळी. दोघेही मला एकच विचारतात, जहाज आलं का.)