अकराव्या प्रकरणाच्या पिना

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

निवृत्तीनंतर रोजनिशी बंद केली होती. आज वही काढली, कारण राग आलाय आणि घरात तो ऐकायला फक्त हर्षाली आहे. तिला सकाळपासून दोनदा बोलून झालंय. तिसऱ्यांदा बोलले तर मलाच ऐकवणार नाही.

‘कालमोहीम’चा पाचवा भाग आला. दीड वर्ष वाट पाहिली. हर्षालीनं तो शनिवारीच आणला होता, मला आज दिला. विसरले म्हणे. आधी मी वाचायचं, मग तिनं, हा घरचा नियम. माझा मुलगा महेश गेल्यापासून आम्हा सासू-सुनेत पुस्तकांवरच काय ते बोलणं होतं.

दहा प्रकरणं झाली. अकराव्याची पानं एकमेकांना पिना मारून बंद! वर, खाली, कडेला. नऊ पिना. ही पुस्तकं छापतात की पुडे बांधतात?

४ नोव्हेंबर

अकरावं सोडून बारावं वाचलं. काही कळत नाही. यशवंत हा या मालिकेतला काळातून फिरणारा माणूस. तो घरी परततो तर त्याचे वडील अंगणात दाढी करत बसलेत. ते पहिल्या भागाच्याही आधी वारलेले आहेत.

चार भाग लेखकानं एक नियम पाळला — मागच्या काळात जाता येतं, बघता येतं, हात लावता येत नाही. मी एकोणऐंशी सालची बी.एस्सी. आहे. गोष्टीत यंत्र खोटं असलं तरी चालतं, नियम खोटा चालत नाही.

हर्षाली म्हणाली, “जाऊ द्या ना आई ते प्रकरण. पुढचं वाचा.”

पुस्तक मधूनच वाचायला मी काय वर्तमानपत्र चाळतेय?

५ नोव्हेंबर

हर्षालीचा भाऊ कुंदन, त्याचा फोन आला. विंचूरचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. माणूस विधुर आहे, वाईन पार्कात नोकरीला. शांत वाटला होता मला. हर्षाली चौतिसाची आहे, तिनं उरलेलं आयुष्य माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत काढू नये, हे मीच कुंदनला म्हटलं होतं. आता ते लोक म्हणतात, “थोडं थांबू.” कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय की हिनं नवऱ्याला वाटेतून परत बोलावलं, म्हणून तो इथल्या द्वारका चौकात ट्रकखाली गेला.

कुणीतरी म्हणजे अक्काबाई. माझ्या थोरल्या नणंद, येवल्याच्या. महेशच्या दहाव्याला त्यांनीच हे सुरू केलं. सहा वर्षं झाली.

त्यांना फोन केला.

“मी काय खोटं बोलले का वहिनी? निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नाय, लय वाईट. डब्यापायी बोलावलं ना तिनं?”

“वन्सं, ती फोनवर...”

“फोन का असंना. हाक ती हाकच.”

मी म्हटलं, भाजी गॅसवर आहे. फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

६ नोव्हेंबर

पुस्तक घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेले आणि दुकानदार ज्ञानेशला गिऱ्हाइकांसमोर झाडलं. त्यानं ऐकून घेतलं. मग पान उजेडाकडे धरलं.

“काकू, छापखान्यात असल्या पिना नसतात. ही ऑफिसातल्या बारक्या स्टेपलरची. रिपोर्टला मारतात ना, तसली.”

मागून एक जण म्हणाला, “घरातच सेन्सॉर बोर्ड दिसतंय, आजी.” सगळे हसले. ज्ञानेश तेवढा हसला नाही, त्याला उधारी न ठेवणारी गिऱ्हाइकं कमी आहेत.

रिक्षात लक्षात आलं. हर्षाली दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टला पिना मारते. म्हणजे तिनं माझ्या आधी वाचलं आणि मी काय वाचायचं नाही ते ठरवलं. माझ्या घरात.

७ नोव्हेंबर

ती कामावर गेल्यावर सुरीच्या टोकानं पिना काढल्या.

यशवंतचे वडील एसटीचे ड्रायव्हर. पुरात पूल वाहून गेला, बरोबर त्यांची गाडी. यशवंत त्या सकाळी स्टँडवर जातो आणि म्हणतो, “ड्रायव्हरसाहेब, एक चहा घ्या माझ्याकडून.” तीन मिनिटं उशीर होतो. पूल रिकामाच पडतो. संपलं! पाच पानांत.

या लेखकाला समोर उभं करून विचारायचंय. इतकं सोपं असतं का? तीन मिनिटांत माणूस वाचत असेल, तर तीन मिनिटांत मारलाही जातो. तो कुणी मारला?

लिहूनच टाकते. १९ ऑगस्ट २०१९. महेश बाइकवरून गेला, डबा ओट्यावर राहिला. फोन मी केला.

“आई, आज बाहेर खातो.”

“बाहेरचं खायचं नाही. वळ मागे.”

तो वळला.

मागून हाक मारू नये वगैरे मी मानत नाही. पण दहाव्याला वन्संनी हर्षालीकडे बोट दाखवलं तेव्हा मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेले. त्यानंतर रोज आतच राहिले.

८ नोव्हेंबर

पिना बशीत घालून तिच्यापुढे ठेवल्या. “कशासाठी?”

“तुम्हाला त्रास झाला असता.”

“मला का होईल?”

तिनं बशी बाजूला सारली. मग म्हणाली, “मी न्हाणीत होते, आई. तुम्ही फोनवर बोलत होता ते सगळं ऐकू येत होतं.”

सहा वर्षं! मी विचारलं, मग तोंड का नाही उघडलंस?

“आत्या मला बोलायच्या, मी ऐकून लॅबला निघून जायचे. तुम्हाला बोलल्या असत्या तर तुम्ही कुठं गेला असता?”

मी ताडकन उठले. म्हटलं, दया करायला तुला कुणी सांगितलं होतं?

“कुणी नाही,” म्हणाली, आणि कुकर लावायला गेली.

९ नोव्हेंबर

राग जात नाही. पण आता तो लेखकावर नाही. ज्ञानेशवर नव्हताच. हर्षालीवर धरायचा म्हटलं तर धरवत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या एसटीनं विंचूर, तिथून येवला, संध्याकाळी घरी. निवेदन, स्वहस्ते, सहीनिशी, तीन प्रती: “१९ ऑगस्ट २०१९ रोजी महेशला फोन करून परत बोलावणारी मी, त्याची आई. त्याच्या पत्नीचा यात संबंध नाही. हे मी सहा वर्षं लपवलं.”

पहिली प्रत — विंचूरला, मुलाच्या आईच्या हाती. पोहोच मिळाली.

दुसरी — येवल्याला, अक्काबाईंच्या हाती. मोठ्यानं वाचून दाखवली. अंगठा घेतला.

तिसरी — हर्षालीच्या हाती. पोहोच दिली नाही. कागद मांडीवर घेऊन बसली आहे.